ओढ्यावरचा गणपती कुठल्या ओढ्यावर?

कोल्हापुरात रिक्षात बसून 'ओढ्यावरच्या गणपतीला चला' म्हटलं की रिक्षा उमा टॉकीजच्या दिशेनं वळते. पत्ता सांगावा लागत नाही. ओढ्यावरची रेणुकाही तशीच सगळ्यांना ठाऊक. सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेहून जग, म्हणजे डोक्यावरून नेलेल्या देवीच्या मूर्ती, परत आले की तिथं आंबील यात्रा भरते. घराघरांतून आंबील, भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजरं असा नैवेद्य जातो. पण तिथंच उभं राहून 'यातला ओढा कुठला?' असं विचारलं, तर माणसं कठड्यापलीकडच्या काळ्या पाण्याकडे बोट करतात आणि म्हणतात, 'ओढा नव्हे, तो नाला.'

तो नाला म्हणजेच तो ओढा. त्याचं नाव जयंती. जुनी माणसं जयंती नदी म्हणायची, आता सगळीकडे जयंती नाला हेच नाव चालतं. शब्द बदलला की माणसाची वागणूकही बदलते. नदीत कुणी उघडपणे गटार सोडत नाही, नाल्यात मात्र सोडतो, कारण नाला त्यासाठीच असतो असं आपण धरून चालतो. म्हणून या लेखात मुद्दाम 'ओढा' हाच शब्द ठेवला आहे. शहराच्या मधोमध वाहणारा हा ओढा कुठून येतो, वस्ती त्याच्याभोवती कशी सरकत गेली, त्यात गटार कसं मिसळलं, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाजवळच्या सुतारवाड्यात सगळ्यांच्या आधी पाणी का शिरतं, हे इथं समजून घेऊ.

ओढ्याची वाट

शहराच्या दक्षिणेला कात्यायनीचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरचं पाणी ओघळींनी खाली येतं आणि कळंबा तलावात साठतं. तलाव भरला की सांडव्यावरून पडणारं पाणी पुढे जयंतीच्या वाटेला लागतं. संभाजीनगरकडून ते शहरात शिरतं आणि रेणुकेचं देऊळ, हुतात्मा पार्क, उमा टॉकीजचा परिसर करत लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरीच्या मधून विल्सन पुलाखालून जातं. तिथून शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, खानविलकर पेट्रोल पंपाची बाजू असं करत ते पंचगंगेला मिळतं. शहरातच गोमती नावाचा दुसरा ओढा त्याला येऊन मिळतो. पंचगंगेत जिथं हे पाणी पडतं ती जागा शिवाजी पुलाच्या खालच्या अंगाला आणि राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. ही जागा ध्यानात ठेवा, पुराचं सगळं गणित तिथंच अडकलेलं आहे.

ओढा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. भोवतालच्या जमिनीतली सगळ्यांत खोल रेघ म्हणजे ओढा. एका बाजूला जुन्या पेठांचा उंचवटा, दुसऱ्या बाजूला राजारामपुरी-शाहूपुरीकडचा चढ, आणि दोन्हीकडचं पाणी उतरून मधल्या रेघेला येतं. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी या रेघेत येतो, ती सगळी जमीन म्हणजे ओढ्याचा पाणलोट. ओढ्यावर स्लॅब टाकला, भिंत बांधली, भर घालून रस्ता केला, तरी ही रेघ हलत नाही. पाण्याला उतार तेवढा कळतो.

आधी काठावर, मग मधोमध

कोल्हापूर एका जागी सुरू होऊन वाढत गेलेलं गाव नाही. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, पद्माळा, रावणेश्वर आणि रंकाळा अशा सहा जुन्या वस्त्या एकमेकींना मिळत गेल्या आणि शहर झालं. त्यातली ब्रह्मपुरी ही पंचगंगेकाठची टेकडी. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. याच टेकडीत पोसायडन या समुद्रदेवतेची रोमन बनावटीची ब्राँझची मूर्ती सापडली. आज ती टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी नदीला लागून वस्ती केली, पण टेकडीवर केली. पाणी हाताशी असावं, पायाशी येऊ नये, हा हिशेब त्यांनी नीट मांडला होता.

ओढ्याकाठच्या सखल जमिनीशी देशावरच्या गावांचं वागणं ठरलेलं असे. घरं उंचावर. ओढ्याला लागून मळे, जनावरांचं पाणी, धुण्याचे दगड, कुंभाराची भट्टी. मळ्यातलं पीक एखाद्या साली बुडालं तरी पुढच्या साली त्याच गाळावर दुप्पट येतं. घराचं तसं नसतं. म्हणून पुराची जमीन शेताला ठेवायची आणि कोरडी जमीन घराला, ही वाटणी कुणी कायदा करून दिली नव्हती, अनुभवातून आली होती.

कोल्हापुरात ही वाटणी मोडायला रेल्वे निमित्त झाली. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली आणि स्टेशन झालं ते ओढ्याच्या पूर्वेला. जुनं शहर पश्चिमेला, कोटाच्या आत आणि भोवती. बिंदू चौकातला बुरूज पाहिला तर तो कोट कुठवर होता याचा अंदाज येतो. म्हणजे ओढा ही तोवर शहराची कड होती. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाच्या बाजूला शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गूळ ठेवायचा, तोलायचा आणि गाडीत भरायचा तर बाजार स्टेशनाजवळच हवा, हे साधं कारण. शाहूपुरीत गुळाच्या अडती उभ्या राहिल्या. अलीकडच्या काठावर लक्ष्मीपुरी, पलीकडच्या चढावर राजारामपुरी वाढली. बैलगाड्या रोज इकडून तिकडे जाऊ लागल्या आणि पुलांना मोल आलं. काही दशकांत ओढा शहराची कड राहिला नाही, शहराचं पोट झाला. काठावरच्या जमिनीचा भाव चढला आणि मळ्यांवर प्लॉट पडू लागले. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका बदलात आहे.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आजही गणेशमूर्ती घडतात. कुंभाराला माती आणि पाणी लागतं, त्यामुळे ओढ्याकाठ सोयीचा. पण मूर्तींचा मुख्य हंगाम आषाढ-श्रावणात आणि पुराचा हंगामही तोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तयार मूर्ती ऐन हंगामात हलवाव्या लागल्या. ओली शाडू उचलली की तडकते आणि रंगलेली मूर्ती ट्रॉलीत घासते. म्हणून इथं पाणी किती येणार यापेक्षा ते किती तास आधी कळणार, हा प्रश्न मोठा आहे.

तळी गेली, पाणी राहिलं

कोल्हापूरला तळ्यांचं गाव म्हणत. रंकाळा आणि कोटीतीर्थ आजही आहेत. पण वरुणतीर्थ तळ्याच्या जागी गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की लोक चिडतात. ते साचणं स्वाभाविक आहे. ती जागा तळ्याची आहे, म्हणजे भोवतालपेक्षा खोल आहे.

तळं पुराचं काम कसं हलकं करतं, हे आकड्यांत पाहू. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली तर ५ कोटी लिटर. मोकळी, नांगरलेली जमीन त्यातलं बरंच पाणी पिऊन घेते, आणि जे वाहतं तेही बांध, ओघळी, तळी यांत अडकत हळूहळू ओढ्याला येतं. स्लॅब, डांबर आणि काँक्रीट असेल तर साधारण ८० टक्के म्हणजे ४ कोटी लिटर पाणी वाहतं, आणि तेही लगेच. पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी ओढ्यात येणाऱ्या लोंढ्याचा माथा कितीतरी उंच होतो. तळं हा माथा कापतं. आधी स्वतः भरतं, मग सांडतं, आणि तेवढ्या वेळात आधीचं पाणी पुढे निघून गेलेलं असतं. तळी बुजवताना जमीन किती मिळाली ते आपण मोजलं, हा गमावलेला वेळ कुणी मोजला नाही.

कळंब्याचंही तेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आणि उताराच्या जोरावर पाणी मंगळवार पेठेतल्या 'पाण्याच्या खजिन्या'त आणलं. विजेचा पंप नाही, नुसता उतार. पण पाणी पुरवण्याबरोबर कळंबा ओढ्याचा लोंढाही धरून ठेवतो. पावसाळ्याच्या आरंभी तलाव रिकामा असेल तर पहिल्या मोठ्या सरी तोच गिळतो. ऑगस्टमध्ये तो काठोकाठ असताना तीच सर आली, तर सगळं पाणी थेट सांडव्यावरून शहरात येतं. म्हणून जूनमधला मुसळधार पाऊस आणि ऑगस्टमधला तेवढाच पाऊस, ओढ्यासाठी सारखे नसतात.

उन्हाळ्यात वाहतं ते काय?

एप्रिल-मेमध्ये कात्यायनीवरून थेंब येत नाही, कळंब्याचा सांडवा कोरडा असतो, तरी जयंती वाहत असते. त्या दिवसांत ते जवळपास सगळं घरांतलं सांडपाणी असतं. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मोरी-संडासातून परत बाहेर येतं. १० हजार वस्तीच्या भागातून रोज १० लाख ८० हजार लिटर. जिथं भुयारी गटाराची जोडणी नाही, तिथं हे पाणी गल्लीतल्या गटारातून सगळ्यांत जवळच्या खोल जागी जातं. ती खोल जागा म्हणजे ओढा. कुणी ठरवून ओढ्याचं गटार केलेलं नाही. उतार आधीच तिकडे होता, आणि स्वस्तात पाणी बाहेर काढण्याची ती तयार वाट होती.

पाणी काळं का पडतं? सांडपाण्यात अन्नाचे कण, साबण, मैला असं सडणारं द्रव्य असतं. ते खाणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. खाणं थोडं असेल तर वाहत्या पाण्यात हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो आणि ओढा काही अंतरात स्वतःला सावरतो. खाणं फार झालं की ऑक्सिजन संपतो. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पुढे येतात, कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि तळाचा गाळ काळा होतो. पाण्याच्या कडेचा एखादा दगड उलटून पाहा. खालची बाजू कुळकुळीत काळी आणि वास येणारी असेल तर तिथं ऑक्सिजन संपलेला आहे. पंचगंगेत उन्हाळ्यात केंदाळ (जलपर्णी) माजतं तेही याच सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर.

हे पाणी नदीत जाऊ नये म्हणून ओढ्याच्या तोंडाशी बंधारा आणि उपसा केंद्र आहे. काम असं चालतं: बंधाऱ्यामागे पाणी अडवायचं, जाळीतून गाळून प्लास्टिक-चिंध्या काढायच्या, विहिरीसारख्या खोल टाकीत घ्यायचं आणि पंपांनी दाबनळीतून कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचं. त्या केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर, म्हणजे ७ कोटी ६० लाख लिटर. दुधाळी नाल्यासाठी १७ दशलक्ष लिटरचं वेगळं केंद्र आहे.

यात बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जाळी वेळेवर साफ झाली नाही तर पंपाकडे पाणी कमी येतं आणि बंधारा मागून भरतो. चिंध्या पंपाच्या पात्यात गुंडाळल्या की पंप बंद. वीज गेली की पंप बंद, पण घरांतलं पाणी थांबत नाही. टाकी भरायला लागणारा वेळ संपला की सांडपाणी बंधाऱ्यावरून नदीत. पर्यायी वीज किंवा जनरेटर असून उपयोग तेव्हाच, जेव्हा तो ही टाकी भरण्याआधी सुरू होतो. दाबनळी फुटली तर ती दुरुस्त होईपर्यंत दुसरा मार्ग नसतो.

आणि पावसाळा आला की ही यंत्रणा मुळातच तोकडी पडते. वरचा हिशेब परत काढू. एका चौरस किलोमीटरवरून तासाभराच्या सरीत ४ कोटी लिटर येतं, आणि बावड्याचं केंद्र तासाला ३२ लाख लिटरच्या आसपास घेऊ शकतं. बारा पटींचा फरक. तेवढं पाणी अडवून ठेवलं तर ते मागे लक्ष्मीपुरीत शिरेल. म्हणून पाऊस वाढला की बंधाऱ्याचे बर्गे काढावे लागतात आणि पावसाचं पाणी सांडपाण्यासकट पंचगंगेत जातं. बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांतल्या खाचांत आडव्या बसवायच्या फळ्या. कोल्हापुरी बंधाऱ्यात त्यांच्या दोन ओळी लावून मध्ये माती ठासतात आणि पावसाळ्याआधी काढून ठेवतात. बर्गे काढल्याची बातमी आली की दरवर्षी संताप होतो. आमच्या मते तो संताप चुकीच्या जागी खर्च होतो. बर्गे काढले नाहीत तर माणसांच्या घरात पाणी जाईल. खरा दोष हा की पावसाचं पाणी आणि मोरीचं पाणी एकाच पात्रातून नेलं जातं. घराघराची जोडणी भुयारी गटाराला झाली आणि ओढ्यात फक्त पावसाचं पाणी राहिलं, तर बर्गे काढण्यानं कुणाचं काही बिघडणार नाही. हे काम गल्लीबोळांतलं आहे, खर्चाचं आहे, रस्ते उकरणारं आहे, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. पंचगंगेच्या खालच्या अंगाला गावं आहेत, इचलकरंजीसारखं शहर आहे. २०१२ साली तिथं काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ काय करते, ते या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे.

दोन पूर, दोन स्वभाव

जयंतीकाठी पाणी दोन वेगळ्या रीतींनी येतं. दोन्हींना आपण पूर म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो.

पहिला ओढ्याचा स्वतःचा पूर. शहरावर जोरदार सर येते, अर्ध्या-पाऊण तासात ओढा फुगतो, पुलाखाली तुंबतो, काठावरच्या तळघरांत शिरतो आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. पाणी गढूळ, वेगवान, कचरा घेऊन येणारं. इथं पात्राची रुंदी-खोली निर्णायक ठरते. समजा पात्र १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. त्यात १ मीटर गाळ बसला तर आपल्याला वाटतं, तिसरा हिस्सा गेला. प्रत्यक्षात त्याच उतारावर पाणी वाहून नेण्याची ताकद ४५ टक्क्यांच्या आसपास घटते, कारण उथळ पाणी तळाला आणि भिंतींना जास्त घासतं आणि त्याचा वेगही मंदावतो. म्हणून पावसाळ्याआधीची सफाई महत्त्वाची. पण पोकलँडनं काढलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवला, तर वळवाच्या दोन सरींत तो परत पात्रात येतो. गाळ काढला त्याच आठवड्यात उचलून नेला तरच काढला म्हणायचं. पुलाखाली आडव्या गेलेल्या पाण्याच्या आणि केबलच्या नळ्या हीसुद्धा मोठी अडचण. थर्माकोल, गाद्या, फांद्या त्यांत अडकतात आणि मोकळी कमान अर्धी बंद होते. ओढ्यावर स्लॅब टाकला तर गाळ दिसतच नाही, यंत्र आत जात नाही, आणि आतला विषारी वायू माणसाचा जीव घेऊ शकतो. स्लॅब टाकून ओढा झाकायला आमचा साफ विरोध आहे.

दुसरी आहे नदीची फूग. शहरात ऊन पडलेलं असतं, ओढ्याला पाणी जेमतेम, तरी सुतारवाड्यात पाणी चढायला लागतं. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीकडे पाऊस लागलेला असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा फुगते. ओढ्याच्या तोंडाशी नदीची पातळी ओढ्यापेक्षा वर गेली की ओढ्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही. उलट नदीचं पाणी ओढ्याच्या पात्रातून शहरात मागे सरकतं. हे पाणी संथ असतं, तासाला काही इंचांनी चढतं, पण एकदा आलं की दिवसचे दिवस राहतं. सुतारवाडा ओढ्याच्या तोंडाजवळ आणि सखल, त्यामुळे तिथली कुटुंबं दर मोठ्या पावसाळ्यात सगळ्यांत आधी चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात. नदी आपल्या काठावरून चढून तिथं येत नाही, ती ओढ्याच्या दारातून आत येते.

या दोन पुरांवरचे उपाय एकमेकांना उपयोगी नाहीत. पात्र कितीही रुंद केलं तरी नदीची फूग थांबत नाही. उलट तिला आत यायला जागा मोठी मिळते. फुगेवर दोनच गोष्टी चालतात: वेळेत सूचना आणि सखल जागी वस्ती न करणं. आणि दोन्ही पूर एकाच दिवशी आले, नदी चढलेली आणि शहरावर ढग फुटलेला, तर पाण्याला जायला वाटच उरत नाही. सगळ्यांत वाईट दिवस तो.

आपलं घर कुठं बसतं?

कोल्हापुरात पुराचं माप म्हणजे राजाराम बंधाऱ्याची फूटपट्टी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ ला ५६ फुटांच्या वर. पण ५६ फूट म्हणजे तुमच्या दारात ५६ फूट नव्हे. तो त्या एका जागच्या पट्टीचा आकडा आहे. आपल्या उंबऱ्याशी त्याचं नातं प्रत्येकानं स्वतः जोडून घ्यावं लागतं, आणि ते अवघड नाही.

शेजारच्या भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण शोधा. गवंडी वापरतात ती अर्ध्या इंची पारदर्शक लेव्हल पाइप ५०-६० फूट घ्या आणि एका टोकाला तोंडानं ओढून पाण्यानं भरा. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, एका बुडबुड्यानं माप इंचा-दोन इंचांनी चुकतं. पाइप कुठं दुमडलेली नाही, तिचा काही भाग उन्हात आणि काही सावलीत नाही, हे पाहा. एक टोक खुणेपाशी, दुसरं तुमच्या उंबऱ्यापाशी धरा. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की ते एकाच पातळीत असतं. खूण त्या रेघेच्या किती वर आहे आणि उंबरा किती खाली, यांची बेरीज म्हणजे त्या सालचं पाणी तुमच्या उंबऱ्यावर किती होतं. समजा ती ४ फूट आली आणि त्या वेळी बंधाऱ्यावर ५६ फूट होते, तर तुमच्या दारात पाणी यायला अंदाजे ५२ फूट लागतात. फूग संथ असल्यामुळे ओढ्याच्या तोंडाजवळ हा अंदाज बऱ्यापैकी उतरतो. तोंडापासून लांब, वरच्या भागात मात्र ओढ्याचा स्वतःचा पूर भारी पडतो आणि तिथं बंधाऱ्याचा आकडा भरवशाचा नाही.

घर किंवा प्लॉट घ्यायचा असेल तर याच्या आधीची पायरी नकाशाची. नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा. शहराच्या कडेची जमीन असेल तर भूमी अभिलेखमधून गावनकाशा आणि सातबारा. ओढ्याला बऱ्याचदा स्वतःचा गट नंबर नसतो, दोन गटांची वाकडीतिकडी हद्द हाच ओढा असतो. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग 'ब' दिसला तर थांबून चौकशी करा, कारण रस्ते, ओढे अशी सार्वजनिक वापराची जमीन त्यात येते. जागेवर जाऊन पाया खणलेला असेल तर माती पाहा. एकावर एक बारीक थर, मध्येच गोलसर गोटे, खाली चिकट काळा गाळ असं दिसलं तर तिथून कधी काळी पाणी वाहिलेलं आहे. वर मुरूम टाकून केलेली भर खालच्या थराला झाकते, बदलत नाही. अशा भरीवर पाया नीट न घेतल्यास घर खचतं.

मग पूररेषा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये निर्बंध. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत, असा लोक काढतात. तो चूक आहे. दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का, आणि निळ्या रेषेची ४ टक्के. ३० वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर तेवढ्या काळात निळ्या रेषेचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ७० टक्के होते. लाल रेषेच्या पुराची २६ टक्के.

आधीच काठावर राहणाऱ्यांसाठी दोन कामं. घराच्या गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी रोखणारी झडप बसवा. ओढा चढला की पाणी दारातून येण्याआधी संडासाच्या भांड्यातून आणि मोरीतून वर येतं. झडप दर मे महिन्यात उघडून साफ करायची, नाहीतर चिंधी अडकून ती अर्धी उघडी राहते आणि ऐन वेळी निरुपयोगी ठरते. झडप नसेल तर वाळूची पिशवी भांड्यावर आणि जाळीवर दाबून ठेवायची. विजेचा मीटर आणि मेन स्विच २०२१ च्या खुणेच्या किमान दोन फूट वर घ्यायचे.

आणि पुढच्या वेळी पाणी उंबऱ्याला टेकेल त्या घडीला बंधाऱ्यावर किती फूट आहेत ते बघून भिंतीवर ऑइल पेंटनं तारखेसकट लिहून ठेवा. चुन्याची किंवा खडूची खूण पहिल्याच रंगकामात जाते. जिन्याच्या आतल्या बाजूला लिहिली तर भाडेकरू बदलले तरी राहते.